जपानी आयरिसचे संवर्धन : ओलावा, आम्लता आणि विभाजन

जपानमधील उद्यानांच्या चित्रांत आयरिसची फुले बहुधा पाण्यात उभी असलेली दिसतात. भातखाचरासारख्या सपाट वाफ्यांत गुडघाभर उंचीची तलवारीसारखी पाने, त्यांवर जांभळी, निळी व पांढरी रुंद फुले आणि खाली आकाशाचे प्रतिबिंब दाखविणारे पाणी, असे हे दृश्य असते. त्यावरून जपानी आयरिस ही कमळासारखी जलवनस्पती होय, असा समज युरोप व अमेरिकेतील उद्यानप्रेमींत दीर्घकाळ रूढ होता. या समजापायी तिची रोपे वर्षभर तळ्यात ठेवली गेली आणि एकदोन हिवाळ्यांत ती कुजून गेली. वस्तुतः जपानी उद्यानांत ते पाणी मुख्यतः फुलोऱ्याच्या काळात, शोभेसाठी सोडलेले असते. वर्षाच्या उरलेल्या काळात ही वनस्पती ओलसर परंतु निचरा होणाऱ्या जमिनीत वाढते. ओलसर जमीन आणि पाणथळ जमीन यांतील भेद हाच तिच्या संवर्धनाचा पाया असल्यामुळे प्रस्तुत लेखात त्या भेदाची कारणे, तिच्या लागवडीचा इतिहास आणि जुने वाण टिकविण्याचा प्रश्न यांचा विचार केला आहे.

नाव व ओळख

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव आयरिस एन्साटा असे असून ती केशराच्या कुलातील, म्हणजे इरिडेसी कुलातील आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पेटर थुनबर्ग यांनी १७९४ मध्ये हे नाव प्रसिद्ध केले. तथापि पुढे शंभराहून अधिक वर्षे ते भलत्याच वनस्पतीस लावले गेले. मध्य आशियापासून काश्मीरपर्यंत कोरड्या कुरणांत आढळणाऱ्या, आज आयरिस लॅक्टिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीस अनेक लेखकांनी आयरिस एन्साटा म्हटले आणि जपानी वनस्पतीस आयरिस केम्फेराय हे दुसरे नाव मिळाले. जोसेफ हूकर यांच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथात काश्मीरमधील म्हणून नोंदलेली आयरिस एन्साटा ही जपानी आयरिस नव्हे. जुन्या शुष्क वनस्पतिसंग्रहांतील नमुने पाहणाऱ्या विद्यार्थ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवणे इष्ट आहे. अन्यथा ओल्या कुरणातील एका जातीचे गुणधर्म कोरड्या कुरणातील दुसरीस चिकटविले जातात.

जपानी भाषेत तिला 'हानाशोबु' म्हणतात. 'हाना' म्हणजे फूल आणि 'शोबु' म्हणजे अकोरस कॅलॅमस, अर्थात महाराष्ट्रातील घराघरांत बाळगुटीमुळे परिचित असलेले वेखंड. म्हणून या नावाचा शब्दशः अर्थ 'फुलांचे वेखंड' असा होतो. दोन्ही वनस्पतींची कुले भिन्न आहेत. साम्य आहे ते केवळ तलवारीसारख्या पानांत आणि ओलसर निवासस्थानात. युरोपातील पिवळ्या आयरिसला लिनीयस यांनी दिलेल्या 'स्यूडॅकोरस' या नावाचा अर्थही 'खोटे वेखंड' असाच आहे. जपानमध्ये पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी शोबुची सुगंधी पाने छपरास खोवण्याची व स्नानाच्या पाण्यात टाकण्याची जुनी प्रथा आहे. 'शोबु' या उच्चाराचा क्षात्रवृत्तीवाचक शब्दही असल्यामुळे सामुराई वर्गात त्या दिवसास विशेष महत्त्व आले आणि पानांच्या साम्यामुळे आयरिसच्या फुलाचा संबंधही त्या सणाशी जोडला गेला.

जपानमध्ये हानाशोबुशी नेहमी गल्लत होणाऱ्या आयरिसच्या आणखी दोन जाती आहेत. 'काकित्सुबाता' म्हणजे आयरिस लीव्हिगाटा ही उथळ पाण्यात वाढते. 'आयामे' म्हणजे आयरिस सँग्विनिया ही तुलनेने कोरड्या कुरणात वाढते. हानाशोबुचे स्थान या दोहोंच्या मधले आहे. ओळखीची खूण सोपी आहे. हानाशोबुच्या पानाच्या मध्यभागी बोटास स्पष्ट जाणवणारी उंच शीर असते. काकित्सुबाताच्या रुंद पानात ती नसते. फुलाच्या बाह्य परिदलाच्या तळाशी हानाशोबुमध्ये पिवळा पट्टा, काकित्सुबातामध्ये पांढरा पट्टा आणि आयामेमध्ये पिवळसर भूमीवर शिरांची जाळी असते. गुणसूत्रांची संख्याही भिन्न आहे : हानाशोबुमध्ये २४, आयामेमध्ये २८ आणि काकित्सुबातामध्ये ३२.

फुलाची रचना

रानटी हानाशोबु जपान, कोरिया, ईशान्य चीन व रशियाच्या अतिपूर्वेकडील प्रदेशात आढळते. तिचे फूल लालसर जांभळे व मध्यम आकाराचे असते. त्यात तीन रुंद, खाली झुकलेली बाह्य परिदले, तीन अरुंद व ताठ अंतःपरिदले आणि मध्यभागी किंजलाच्या तीन पाकळीसारख्या शाखा असतात. प्रत्येक किंजलशाखा तिच्या खालच्या बाह्य परिदलावर कमानीप्रमाणे वळते व त्यामुळे एक बोगदा तयार होतो. पिवळ्या पट्ट्याच्या खुणेने आत शिरणारी मोठी मधमाशी प्रथम किंजल्कास व नंतर परागकोशास घासून जाते. या दृष्टीने पाहता आयरिसचे एक फूल हे परागणापुरती तीन फुलेच होत.

लागवडीतील वाणांचे वैचित्र्य या साध्या रचनेतील फेरफारांतून निर्माण झाले आहे. मूळ रचना कायम राहिली म्हणजे 'तीन पाकळ्यांचे' फूल मिळते. अंतःपरिदले बाह्य परिदलांसारखीच रुंद व आडवी झाली म्हणजे 'सहा पाकळ्यांचे' फूल होते. पुंकेसर व किंजलशाखाही पाकळ्यांत रूपांतरित झाल्या म्हणजे भरगच्च, बहुदली फूल मिळते; मात्र अशा फुलांची बीजनिर्मितीची शक्ती घटते किंवा नष्ट होते. फुलाचा व्यास १५ ते २५ सेंटिमीटरपर्यंत जातो. रंगांत जांभळा, निळा, गुलाबी, पांढरा आणि त्यांच्या शिरा, छटा व कडा यांची समृद्धी आहे. परंतु शुद्ध पिवळा व शेंदरी हे रंग या जातीत नाहीत. पिवळ्या रंगासाठी आयरिस स्यूडॅकोरसशी संकर करावा लागला व असे संकरज बहुतांशी वंध्य असतात.

तीन शहरे, तीन परंपरा

सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत एदो, म्हणजे आजचे टोकियो, हे या फुलाच्या संवर्धनाचे मुख्य केंद्र होते. या इतिहासातील अग्रगण्य पुरुष म्हणजे शोगुनचे सरदार मात्सुदाइरा सादातोमो (१७७३–१८५६). त्यांनी सुमारे साठ वर्षे बियांपासून रोपे वाढवून निवड करण्याचे कार्य केले, या वनस्पतीच्या संवर्धनावर ग्रंथ लिहिला आणि 'शोओ', म्हणजे 'आयरिसचा वृद्ध', असे नाव धारण केले. त्यांच्या काही वाणांची विभाजनाने चालत आलेली रोपे आजही जपानी उद्यानांत आहेत. एदोच्या पूर्वेस असलेल्या होरिकिरी येथील सखल, पाणथळ शेतांत फुलबागा उभ्या राहिल्या व तेथे नागरिक फुले पाहण्यास जाऊ लागले. चित्रकार हिरोशिगे यांनी १८५७ मध्ये आपल्या एदोच्या दृश्यमालिकेत होरिकिरीच्या या फुलांचे चित्र समाविष्ट केले.

एदोचे वाण उघड्या शेतात, लोकांनी चालत जाऊन पाहण्यासाठी निर्माण झाले. जूनमधील पाऊस व वारा त्यांना सोसावा लागे. यास्तव त्यांत उंच, बळकट दांडा, पानांच्या वर येणारे फूल आणि एकमेकांपासून सुटी, ताठर परिदले या गुणांची निवड झाली.

दक्षिणेकडील क्यूशू बेटावरील हिगो प्रांतात, म्हणजे आजच्या कुमामोतो परिसरात, वेगळाच मार्ग अनुसरला गेला. तेथील अधिपती होसोकावा नारिमोरी यांनी १८३३ मध्ये आपला सेवक योशिदा जुन्नोसुके यास सादातोमो यांच्याकडे शिक्षणासाठी पाठविले आणि त्या द्वारे मूळ रोपे हिगोत पोहोचली. तेथील सामुराईंनी ती कुंडीत वाढविली व फुलोऱ्याच्या वेळी दिवाणखान्यात सोनेरी पडद्यापुढे मांडली. पाऊस-वाऱ्याचा प्रश्नच नसल्यामुळे अत्यंत रुंद, एकमेकांवर आलेली व दिवसागणिक मोठी होत जाणारी परिदले हा त्यांच्या निवडीचा निकष ठरला. तेथील मंडळाने आपली रोपे बाहेर जाऊ न देण्याचा कडक नियम केला होता. तो विसाव्या शतकाच्या आरंभी शिथिल झाला. मात्सुसाका परिसरातील इसे परंपरेतही फुले कुंडीतच वाढविली जात. परंतु तेथील अभिरुची तीन पाकळ्यांच्या, सुरकुतलेल्या व मलमलीप्रमाणे खाली लोंबणाऱ्या फुलांकडे वळली. यामागाता प्रांतातील नागाई येथील जुने वाण १९६२ मध्ये स्वतंत्र गट म्हणून ओळखले गेले. ते रानटी रूपास अधिक जवळचे आहेत.

एकाच जातीतून दोनशे वर्षांत इतके भिन्न आकार निर्माण व्हावेत, याचे कारण निवड करणाऱ्यांच्या दृष्टिकोनात आहे. फूल वरून पाहावयाचे की समोरून, उघड्यावर की घरात, यावर कोणते रोप ठेवावयाचे व कोणते उपटून टाकावयाचे हे ठरत गेले. कृत्रिम निवडीचे इतके स्वच्छ उदाहरण शोभेच्या वनस्पतींत क्वचितच सापडते.

पाणी व वायू

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. रानटी हानाशोबु ओल्या कुरणांत वाढते. वसंतात व उन्हाळ्याच्या आरंभी तेथे भरपूर पाणी असते, शरदात व हिवाळ्यात जमीन तुलनेने कोरडी होते. वनस्पतीची गरजही याच क्रमाने बदलते. मार्चमध्ये कोंब फुटल्यापासून जूनमधील फुलोऱ्यापर्यंत पाने, दांडा व कळ्या यांची वाढ वेगाने होते. या काळात पाण्याचा तुटवडा पडल्यास दांडा आखूड राहतो व फूल लहान होते. फुलाचे उमलणे हे मुख्यतः कोशिकांत पाणी शिरून त्या फुगण्याने घडते. वीत वीत रुंद परंतु कागदासारखी पातळ परिदले पसरावयाची, तर मुळांकडून पाण्याचा पुरवठा अखंड असला पाहिजे. फूल सुमारे तीन दिवस टिकते व प्रत्येक दांड्यावर सामान्यतः दोन किंवा अधिक कळ्या क्रमाने उमलतात.

याउलट हिवाळ्यात पाने पूर्णपणे वाळतात आणि मूलक्षोड, म्हणजे जमिनीतील आडवे खोड, सुप्तावस्थेत जाते. तेव्हा पाण्याची गरज अत्यल्प असते. वायूच्या तुलनेत पाण्यात प्राणवायूचे विसरण सुमारे दहा हजार पटींनी मंद होते. म्हणून पाण्याने भरलेल्या मातीत मुळांच्या श्वसनास लागणारा प्राणवायू लवकर संपतो. वाढीच्या काळात हिरवी पाने व अंतर्गत वायुमार्ग यांच्या द्वारे थोडाफार प्राणवायू मुळांपर्यंत पोहोचू शकतो. पाने गळल्यावर तो मार्ग बंद होतो. आयरिस स्यूडॅकोरससारख्या खऱ्या दलदलीतील जातीचे मूलक्षोड प्राणवायूविरहित चिखलात दीर्घकाळ तग धरू शकते. हानाशोबुमध्ये तेवढी क्षमता नाही. थंड प्रदेशांत यात गोठण्याची भर पडते : पाण्याने भरलेली माती गोठताना फुगते, रोप वर उचलले जाते आणि मुळे तुटतात.

यावरून व्यवहारातील नियम सहज निघतात. तळ्याच्या काठी लागवड करावयाची झाल्यास मूलक्षोडाचा माथा पाण्याच्या पातळीपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर उंच असावा. मुळे आपोआप ओलाव्यापर्यंत पोहोचतात. सपाट वाफ्यात लागवड असल्यास वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित खोल ठेवावा, म्हणजे दिलेले पाणी तेथेच मुरते. कुंडीतील रोप वसंतापासून फुलोऱ्यापर्यंत उथळ थाळीतील पाण्यात ठेवण्यास हरकत नाही, परंतु शरदात ते बाहेर काढावे. फुलोऱ्याच्या काळात दोनतीन आठवडे वाफ्यात पाणी सोडल्याने हानी होत नाही. मात्र ते साचून तापू देऊ नये, कारण पाणी जितके उष्ण तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी.

माती व खत

ओलाव्याखालोखाल महत्त्व मातीच्या आम्लतेस आहे. जपानी आयरिसला किंचित आम्लधर्मी, सामू ५.५ ते ६.५ असलेली, सेंद्रिय द्रव्याने समृद्ध माती मानवते. चुनखडी तिला विषाप्रमाणे आहे. मातीचा सामू एका अंकाने वाढला म्हणजे फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजार पटींनी घटते. लोह जमिनीत विपुल असूनही मुळांना मिळत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या राहून मधल्या भागात पिवळी पडतात. दख्खनच्या चुनखडीयुक्त जमिनीतील उसावर दिसणाऱ्या ज्या विकारास शेतकरी 'केवडा' म्हणतात, त्याच स्वरूपाचा हा हरितलोप होय. इतर आयरिसना हितकारक मानले जाणारे हाडांचे चूर्ण व चुना या वनस्पतीस देऊ नयेत. सिंचनाचे पाणी जड असल्यास तेही कालांतराने मातीचा सामू वाढविते, हे विसरून चालत नाही. पानांची कुजलेली माती, पीट आणि चांगले मुरलेले शेणखत यांनी ओलावा व आम्लता दोन्ही राखता येतात.

ही वनस्पती खादाड आहे. वसंताच्या आरंभी एकदा आणि फुलोरा संपल्यावर एकदा खत देण्याची प्रथा योग्यच होय, कारण पुढील वर्षीचे कोंब फुलोऱ्यानंतरच्या महिन्यांत पुष्ट होतात. नव्याने लावलेल्या रोपास मात्र मुळे धरेपर्यंत तीव्र खत देऊ नये. ऊन दिवसाकाठी किमान सहा तास मिळावे. दाट सावलीत पाने वाढतात, परंतु फुले येत नाहीत.

विभाजनाची अनिवार्यता

ओलावा, आम्लता व ऊन हे सर्व अनुकूल असूनही चौथ्या-पाचव्या वर्षी रोपे खुरटतात, हा उद्यानपालांचा सार्वत्रिक अनुभव आहे. याचे कारण वनस्पतीच्या वाढीच्या पद्धतीत आहे. ज्या कोंबास एकदा दांडा आला तो पुन्हा फुलत नाही; त्याच्या बाजूंच्या कळ्यांपासून नवे कोंब येतात. दरवर्षीची नवी मुळे जुन्या मुळांच्या वर, नव्या कोंबांच्या तळाशी फुटतात. त्यामुळे रोपाचा माथा वर्षानुवर्षे वर सरकत जातो. शेवटी नवी मुळे जवळजवळ पृष्ठभागावर, मातीच्या कोरड्या थरात फुटू लागतात आणि खाली मृत मूलक्षोडांचा व मुळांचा घट्ट गड्डा साचतो. मध्यभाग पोकळ होऊन कोंबांचे केवळ वर्तुळ उरते.

यावर उपाय एकच : तीन ते चार वर्षांनी रोप खणून काढावे, जुना भाग कापून टाकावा आणि दोन किंवा तीन सशक्त कोंबांचे तुकडे नव्या जागी सुमारे ५ सेंटिमीटर खोल लावावे. पाने निम्म्याने छाटावी, म्हणजे बाष्पोत्सर्ग घटतो. तुकडे लावेपर्यंत सुकू देऊ नयेत. दाढीधारी आयरिसचे मूलक्षोड वाळवून पाठविता येते, तसे हिचे येत नाही. दोन रोपांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे. जपानमध्ये हे काम फुलोरा संपताच, पावसाळी हवेत केले जाते, जेणेकरून हिवाळ्यापूर्वी मुळे धरतात. त्याच जागी त्याच वनस्पतीची पुनर्लागवड केल्यास वाढ चांगली होत नाही, म्हणून वाफे पालटावे किंवा माती बदलावी.

नवे वाण व जुने वाण

बियांपासून वाढविलेली रोपे दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी फुलतात, परंतु ती मातृवाणासारखी निपजत नाहीत. नव्या वाणांच्या निर्मितीस हा गुण उपकारक ठरला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे माजी अधिष्ठाता करियर मॅक्युएन यांनी अंकुरांवर कॉल्चिसीनची प्रक्रिया करून ४८ गुणसूत्रांचे चतुर्गुणित वाण सिद्ध केले. कोशिकाविभाजनात गुणसूत्रांचे दोन संच अलग होऊ न देणारे हे द्रव्य महाराष्ट्रात उगवणाऱ्या कळलावीच्या कंदातही असते. चतुर्गुणित वाणांचे दांडे अधिक जाड व परिदले अधिक ताठर असतात. मॅक्युएन यांचा या वनस्पतीवरील ग्रंथ १९९० मध्ये प्रसिद्ध झाला.

जुन्या वाणांच्या बाबतीत मात्र तोच गुण अडचणीचा ठरतो. सादातोमो यांचा एखादा वाण बियांच्या रूपाने साठवून ठेवता येत नाही. तो केवळ विभाजनाने टिकतो आणि विभाजन दर तीनचार वर्षांनी झालेच पाहिजे. याचा अर्थ असा की दीडशे वर्षांचा वाण सुमारे चाळीस ते पन्नास वेळा कोणी तरी खणून, कापून, पुन्हा लावला आहे. ही मालिका एकदा खंडित झाली की वाण नाहीसा होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नधान्याच्या तुटवड्यामुळे होरिकिरीच्या बागेतही भात लावावा लागला. युद्धानंतर बाग पुन्हा उभी करण्यात आली, टोकियोच्या प्रशासनाने ती विकत घेतली, १९६० मध्ये ती सार्वजनिक उद्यान म्हणून खुली झाली आणि १९७५ पासून ती कात्सुशिका प्रभागाच्या व्यवस्थेखाली आहे. दरम्यान अन्य बागा कायमच्या बंद झाल्या व त्यांतील जे वाण दुसरीकडे वाटले गेले नव्हते त्यांची केवळ नावे जुन्या यादींत उरली. हिगोच्या मंडळाने ज्या गुप्ततेने आपल्या वाणांची शुद्धता राखली, तीच गुप्तता अशा आपत्तीत विनाशाचे कारण होऊ शकली असती. एकाच ठिकाणी असलेला वाण एका हिवाळ्याच्या चुकीने नष्ट होतो.

म्हणून विभाजितांची देवघेव व नोंद ठेवणे हे या वनस्पतीच्या रक्षणाचे सर्वांत परिणामकारक साधन होय. प्रत्येक वाणाचे निदान तीन स्वतंत्र ठिकाणी संवर्धन, नावाच्या पाट्यांची दरवर्षी फुलोऱ्यात पडताळणी आणि पडलेल्या बियांपासून उगवलेली रोपे मूळ रोपात मिसळू न देणे, या तीन गोष्टी कोणत्याही वनस्पतिउद्यानास शक्य आहेत. शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. आपोआप उगवलेले जोमदार रोप मूळ वाणास हटविते आणि पाटीवरचे नाव मात्र तसेच राहते. अशा वेळी वाण नष्ट झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून फुलोरा संपताच बोंडे पिकण्यापूर्वी दांडे कापून टाकावेत आणि हे काम त्याच आठवड्यात पूर्ण करावे.